तुमचाबी लाल सरकतो का?

अण्णा, काल माझी नात, म्हंजे तुमची पणती, माझ्याशी भांडली. "आज्जी, वांग्यात मीठच न्हाय, ध्यान कुटं हाय तुझं?" अशी फणकारली, आणि मला इतका आनंद झाला की शेजारणीला बोलावून सांगितलं. ती म्हणाली, "भांडण झालं म्हणून पेढे वाटतीस व्हय?" तिला काय ठावं. तुमाला ठावं हाय म्हणून लिवते. अक्षर वाकडं हाय, चौथीपतूरच शिकले ना.

ह्याच पोरीच्या डोक्यात गाठ निघाली, डाव्या अंगाला, तुमची व्हती तितंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन फोटो काढू. एकात मेंदूची ठेवण दिसती, दुसऱ्यात बोलताना त्याचा कुठला भाग जागा व्हतो ते. मग दुसरा पहिल्यावर नेमका बसवायचा, म्हंजे गाठ काढताना बोलण्याच्या जागंला धक्का लागत न्हाय. मला तुमचा छापखानाच दिसला. तुमी लग्नपत्रिकेवर आधी पिवळा रंग छापताय, मग लाल, आणि कागद जरा सरकला की गणपतीचा लाल सोंडेभायेर. मालक यायच्या आधी तुमीच सोताला शिव्या घालताय. मी बाईंना इचारलं, "तुमचाबी लाल सरकतो का?" त्या हसल्या. "डोकं हललं तर सरकतो, आजी."

सरकलाच की. मशीनमधी चित्रं दाखवून नावं मनात घ्यायला सांगितली व्हती. पण आपल्या घरची खोड, वळखलं की व्हय म्हणून मान हलवायची. पोरीनं दर चित्राला मान हलवली. फोटो जुळंनात. मी दटावलं, "नंदीबैल हाईस का गं?" डोक्याला दोन्हीकडनं उशा लावून परत निजवली. जुळले तवा दिसलं, गाठ बोलण्याच्या जागंला चिकटलेली. बाई म्हणाल्या, "सगळी काढली तर वाचा जाईल. थोडी आत ठेवावी लागेल, आणि ती पुन्हा वाढणार." पोरगीच म्हणाली, "ठेवा. मला बोलायचंय."

तुमच्या टायमाला असले फोटो कुटले. तुमची सगळी काढली, आणि तुमाला एकच शब्द उरला. चहा देऊ? व्हय. दुखतंय? व्हय. अण्णा, मी कोण? व्हय.

ऑपरेशननंतर पोरीनं डोळे उघडले. मी इचारलं, "दुखतंय का गं?" ती म्हणाली, "व्हय." परत इचारायचं धाडस हुईना. मग सावकाश म्हणाली, "व्हय, पण तू रडू नको. नाक लई लाल झालंय तुझं."

तेवढ्यावर जगतोय. आत ठेवलेली गाठ कवा वाढंल, कुणी सांगत न्हाय. म्हणून रोज सकाळी मी तिला असंच काहीतरी इचारते, ज्याला नुसतं व्हय म्हणून भागत न्हाय. तुमी तर कवाच गेलाय, हा कागद कुटं धाडायचा न्हाय, म्हणून तुमालाच खरं सांगते. काल वांग्यात मीठ घालायचं मी इसरले नव्हते, मुद्दामच घातलं न्हाय.