सात नंबरचे बूट

३ ऑगस्ट.
डॉक्टर म्हणाले, सुंदरराव, दिवाळीत ओट्यावरून पडलात, आता पुन्हा पडलात तर खुबा गेला समजा. चपला बंद. टाच धरणारे, लेसचे बूट घ्या, न्हाईतर काठी धरा. काठी! दोन टर्म सरपंच राहिलेला माणूस काठी धरत नसतो. बूट घेणार. १६ तारखेला बायनाबाईला कपिलधारचा धबधबा दाखवायचाय, पायऱ्या उतरून. लग्नापासून मागं लागलीय बिचारी. दर वेळी आपली मिटिंग. औंदा शब्द दिलाय.

५ ऑगस्ट, सकाळी १०.
केजला फकीरभाईंचं दुकान. म्हणाले, चाचा, माप घ्यायला सांजच्याला यावं, तवा पायावर सूज असती. तरी मापलं. आठ! त्यांची पट्टी खराब असणार. पहिल्या निवडणुकीपासून आपला नंबर सात. सातच घेतले. बोटं दाबतात. वापरून सैल होतील.

८ ऑगस्ट.
उद्यापासून रोज चार किलोमीटर चालणार. आज टाइम न्हाई. गल्लीतल्या बद्रीनाथचे वडील वारले, तिकडं गेलतो. मग सोसायटी, मग मारुती. दर उंबऱ्याला लेस सोडा, लेस बांधा. मारुतीसमोर पाच मिनिटं वाकलेलो. लोकांना वाटलं, सुंदररावांची भक्ती वाढली.

९ ऑगस्ट.
आयडिया सापडली. बुटाची टाच आत दाबून टाकली. पाय सर्रकन आत, सर्रकन बाहेर. बोटंबी मोकळी. सूनबाई रोहिणी म्हणाली, मामा, मग चपलेत काय वाईट होतं? हिला राजकारण कळत न्हाई.
चालणं उद्यापासून.

१२ ऑगस्ट.
पंचायतीच्या पायरीवर बूट मागं राहिला, मी पुढं गेलो. पडलो न्हाई. बसलो. जोरात बसलो. पायरीच वाकडी हाय. बांधकाम आपल्याच टर्मचं, म्हणून तक्रार करता येईना.
बायनाबाई लई रडली. धबधबा राहू द्या म्हणाली, मला तुमी धड पायजे. मला भ्या वाटलं. हे कुणाला सांगणार न्हाई.

१३ ऑगस्ट.
बूट बाद. मालच हलका. बायनाबाईला दिले, शेतात घाल म्हणालो.

१६ ऑगस्ट. कपिलधार.
शब्द म्हणजे शब्द. आणलं तिला. तिनं चमच्याच्या दांड्यानं टाच उभी केली, दोन-दोन मोजे चढवले, लेस घट्ट बांधली. लुगड्याखाली पांढरे बूट! येता का म्हणाली. मला इथं कामं हायत म्हणालो. रोहिणीचा हात न धरता उतरून गेली.
मी देवळासमोर, कट्ट्यावर. काठी शेजारच्या मोहनरावांची, आजच्यापुरती. दर्शनाला आलेल्या बाया म्हणाल्या, बाबा, चपलांवर लक्ष ठेवा. ठेवलं. बारा जोड.
तिनं खालून हात हलवला. मीबी हलवणार होतो. पण उभं राहायलाच दोन्ही हात काठीवर लागले.