माझ्या लॉगिनने चालतं

३ मार्च, सोमवार
हिला भावाकडे जाऊन आज अकरा दिवस. विश्रांती हवी होती बिचारीला. येईलच. चिडली असती तर दार आपटलं असतं. हिने हळूच लावलं.
संकल्प : रोज पाचला ऑफिसातून निघणे.
आज मेनफ्रेमवर, म्हणजे ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, जरा साफसफाई केली. आपोआप चालणाऱ्या कामांच्या, म्हणजे जॉबच्या, की-फाइल्स (लॉगिनच्या किल्ल्याच त्या) सगळ्यांना वाचायला खुल्या करून टाकल्या. उगाच लपवाछपवी कशाला?

४ मार्च, मंगळवार
चारचा जॉब पडला. हा जॉब SSH च्या सुरक्षित वाटेने हॉस्पिटलच्या सर्व्हरवर लॉगिन करून उद्याच्या औषधांची यादी पोचवतो. आज लॉगिन फेल. काय बिघडलं ते सांगणारा लॉग एकशे चाळीस ओळींचा. पहिल्या दहातच ओळखलं : नेटवर्क. माझ्या लॉगिनने करून पाहिलं, झटक्यात आत. म्हणजे आपल्याकडे दोष नाही.
तिथल्या नर्सबाईंचा फोन. म्हणाल्या, अहो, इथे आम्ही याद्या हाताने लिहितोय. धीर धरा म्हटलं.

५ मार्च, बुधवार
मेव्हण्याचा फोन. म्हणाला, दाजी, ती उद्या पाचला बोलायला तयार आहे. आलात तर आलात, नाहीतर राहू द्या. म्हणजे पाघळली! मला ठाऊकच होतं.
जॉब पुन्हा पडला. नेटवर्कवाल्याला झापलं.

६ मार्च, गुरुवार
४.१० : पडला. पाच मिनिटांत निघतो.
४.५० : आता हातातोंडाशी आलंय.
६.३० : नवी की बनवली. चुकीच्या आयडीला, भलत्याच खात्याला बसवली.
७.१५ : मेव्हण्याचा फोन. उचलला नाही. सांगायचं तर चांगलं काहीतरी सांगावं.

७ मार्च, शुक्रवार
कॉम्प्युटर सिक्युरिटीच्या बाईंनी विचारलं, जॉब तुमच्या नावाने चालतो का हो? नाही, त्याचा आयडी वेगळा, म्हटलं. मग तुमच्या लॉगिनने चालून काय उपयोग, म्हणाल्या. त्यांच्यासमोर लॉग शेवटपर्यंत वाचला. शेवटून दुसरी ओळ : की-फाइल सगळ्यांना खुली आहे, म्हणून वापरत नाही. कोणी केली खुली, विचारत होत्या. चौकशी करतो म्हटलं.
फाइल पुन्हा इतरांना बंद केली, चारला जॉब सुरळीत. तरी लॉगिनची भानगड आहे हे निदान माझंच.
हिला मेसेज : काम फत्ते. उद्या न्यायला येतो. तिने वाचला.

८ मार्च, शनिवार
सकाळी दहाला बेल. ही दारात! मागे मेव्हणा, खाली टेम्पो. तिचं पायाचं शिलाई मशीन न्यायला आले होते.
तिला सगळा प्रॉब्लेम समजावून सांगितला, की-फाइलपासून. तिने मशीनचा पट्टा काढता काढता ऐकलं. मग म्हणाली, परवा मी साडेआठपर्यंत वाट पाहिली. आता एक बाजू धराल का?
धरली. मेव्हणा पुढे दारं उघडत गेला. चार जिने. ती म्हणायची, जरा डावीकडे, मी डावीकडे. म्हणायची, थांबा, मी थांबायचो. कुठे ओरखडाही आला नाही. वर्षभरात आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे एवढंच काम.