मुकुट सखारामच्या मापाचा

शेलू,
५ ऑक्टोबर १९६६

मित्रा सखाराम, सप्रेम जयभीम.

इकडे सगळे ठणठणीत. भाताला लोंब्या आल्यात. तुझ्या आईचा, आमच्या भागूकाकीचा, गुडघा बरा आहे आणि तोंड गुडघ्याहून बरं आहे. रोज विचारते, "पुन्याहून कर्जतला गाडी येत नाय काय रं?"

मोठी बातमी म्हणजे धम्मदीक्षेला दहा वर्षं होतात म्हणून चौदा तारखेला दुपारी आपलं इंग्लंडच्या हॅरॉल्ड राजाचं नाटक पुन्हा लावतोय. हॅरॉल्ड जानेवारीत गादीवर बसला आणि नऊ महिन्यांत लढाईत पडला, ती तारीखही चौदा ऑक्टोबरच, बरोब्बर नऊशे वर्षांपूर्वी! नाटक लिहून खोपोलीला बदलून गेलेल्या आबाजी मास्तरांनीच हे कळवलं. जानेवारीतल्या पहिल्या प्रयोगाला त्यांना जमलं नव्हतं, आता येणार आहेत.

तो प्रयोग तूही पाहिला नाहीस, राजा कोण होणार यावरून रागावून पुण्याला निघून गेलास. काकीने डब्याच्या पत्र्याचा मुकुट केला होता, तुझ्या टोपीच्या मापाने. ऐन लढाईत तो माझ्या नाकावर आला आणि मी तलवार फिरवत आपल्याच सैन्याला बडवलं. चंदर ओरडला, "आरं, आमी तुजीच मानसं हाव!" लोक हसून हसून लोळले. चाल करून आलेल्या विल्यमला बाण मारायची गरजच उरली नाही.

मग काकी स्टेजवर आली, माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. "सख्या नाय तर नाय, तू बी माजाच." तेव्हापासून तिच्या हातची भाकरी माझ्या घशाखाली उतरत नाही.

आता लिहितोच. हॅरॉल्डच्या आधीच्या एडवर्ड राजाला मूल नव्हतं. मरताना त्याने राज्य मला दिलं, असं हॅरॉल्ड म्हणाला. वचन मला आधीच दिलं होतं, असं विल्यम. त्यांच्यात खरं कोण, कुणाला ठाऊक. आपल्या भांडणातलं खरं मात्र मला ठाऊक आहे. बदलीवर जाताना नेरळ स्टेशनवर गाडी हलली तेव्हा मास्तर मला एकट्याला म्हणाले, "नामा, राजा सखारामच हां." मी येऊन सगळ्यांना माझं नाव सांगितलं. खोटं बोललो, सख्या. माफ कर.

मास्तर आल्यावर हे उघडं पडणारच होतं, म्हणून आज धीर झाला, हेही कबूल. पण नाटकापेक्षा मला तू हवायस.

ये. या वेळी विल्यम मी. मुकुट जरा आवळून दे, असं काकीला परवा म्हटलं, तर म्हणाली, "कशाला? ज्याचा हाय त्यो येल."

नऊ महिने राजा, पण लहानपणापासून तुझाच,
नामा