शेवटचं पोर उजवेपर्यंत

८ एप्रिल
मयूरीची हळद पंचवीसला. दादाचा मुलगा प्रशांत गाडीतून न उतरताच सांगून गेला. घर पाडायचा पोकलेन वडप्याच्या गोडाऊनवर आहे, तिथून सुटला की इकडे, हे पण सांगितलं. मांडववाला येणार असं सांगावं, तसं!
दादाने जाताना भावकीकडून शब्द घेतला होता. "घरातलं शेवटचं पोर उजवेपर्यंत घराला हात लावायचा न्हाय." दादाच्या पोरांनी शब्द पाळला, खोटं नाही बोलणार. मयूरी शेवटची. म्हणजे घराला पंचवीसपर्यंत जीव.
आणि मला प्रशांतच्या बंगल्यात खोली. एसी आहे म्हणे. मला एसीत शिंका येतात.

११ एप्रिल
खांबांना तेल लावलं. मिठाच्या होड्या चालवून पणज्याने बांधलेलं घर. साग खाडीने आला, भरतीवर सोडून. एक खांब वाहून गेला तो गेलाच, म्हणून ओटीवर पाच खांब नि सहाव्याच्या जागी भिंत.
मधल्याला तेल नाही. त्याला फक्त हळद. घरच्या प्रत्येक पोराच्या लग्नात आधी खांबाला, मग नवऱ्याला नाहीतर नवरीला. पणज्यापासून चालू. कमरेपर्यंत पिवळा झालाय मेला.
गेल्या साली कॉलेजची पोरं फूटपट्टी घेऊन आली होती. "आजी, हे घर जपलं पाहिजे." मग एवढी वर्षं जपतंय कोण, तुझा बाप? घराला पाटी लागेल म्हणाले. कसली पाटी नि कसलं काय.

१६ एप्रिल
बाळूला फोन केला, कौलं परतायला. "आत्या, पाडायच्या घराची कौलं कशाला परतायची?"
खरंच की.
दुपारी लवंडले असताना मनात आलं, मयूरीचं लग्न मोडलं तर... थू माझ्या जिभेवर. अंगाखांद्यावर वाढवलेली पोर ती.

२६ एप्रिल
काल हळद झाली. डीजेने कौलं थरथरत होती. सोनीबाईला हळदीचे धवले गायला बोलावलं खरं, पण तिचा आवाज ऐकतो कोण? खांबाच्या बुडाशी बसून एकटीच गात होती. मी शेजारी बसले.
खांबाला लावली, मयूरीला लावली. वाटीत थोडी उरली. सोनीबाईने ती माझ्या गालाला फासली नि मोठ्याने बोलली, "ही पन याच घरची पोर हाय. हिची कुठं लागली अजून?"
सगळे हसले. मी पण हसले. डोळ्यांत हळद गेली म्हणून तोंड धुवायला उठले.

२८ एप्रिल
दोन दिवस डोक्यात तेच. आज प्रशांत आला तेव्हा विचारलं, "दादाचा शब्द काय होता रे?"
"घरातलं शेवटचं पोर..."
"मग मी कोण?"
आधी हसला. मग माझं तोंड बघितलं. "आत्या, असं नको करू. बाबांच्या मनात तू नव्हतीस त्यात."
नसेनच. गणेशपुरीकडचं स्थळ आलं होतं मला. दोनदा येऊन गेले बिचारे. दादा तेव्हा बोलला, पोरं जरा मोठी होऊ दे, मग बघू. पोरं मोठी झाली. बघायचं राहिलं.
प्रशांतला सांगितलं, घर पाडायच्या कागदावर मी सही करत नाही.

३० एप्रिल
वहिनी आली. माझ्या हातचा चहा प्यायली नि मग तोंड उघडलं. "वन्सं, आता या वयात गुडघ्याला बाशिंग? लोक काय बोलतील गो?"
मी म्हटलं, लोक बोलायला मेले कुठे राहिलेत इथे. सगळी गोडाऊनंच तर आहेत.
नंतर दोघी रडलो. ती कशासाठी रडली ते विचारलं नाही.

३ मे
भावकी बसली. मी ओटीवर उभी राहून बोलले, सगळ्यांसमोर. सगळे पुन्हा हसले. पण गणूकाका हसले नाहीत. ते सगळ्यांत थोरले. बोलले, "शब्द म्हंजे शब्द. पोर ती पोरच. हिची हळद न्हाय लागली."
काय वाटलं म्हणून सांगू! घर वाचलं, असंच वाटलं.
मग गणूकाकाच पुढे बोलले, "तर लावून टाका. नवऱ्याचं काय, आता कुठं मिळायचा. हळद तर लागल."
मयूरीच्या हळदीतली ती धरायची नाही म्हणे, खांबाला तेव्हा मयूरीच्या नावाची लागली होती. सोनीबाईला बोलवा, रीतसर आधी खांबाला, मग मला, कुसुमला. म्हणजे कुसुम उजवली. शब्द पण राहिला.
प्रशांतने माझ्या पाया पडून विचारलं, गुरुवार चालेल ना?
भावकीत एकालाही यात काही वावगं वाटलं नाही. मयूरीने तर फोनवर विचारलं, "आत्या, फोटोवाला सांगू?"

५ मे
पोकलेन आला. अंगणाच्या कडेला उभा केलाय. चालवणारा बिहारचा, भला माणूस. पाणी मागायला आला नि ओटीवर बघत राहिला. "लकडी कितनी पुरानी है, मौसी?" मी म्हटलं, माझ्या पणज्याला विचार. बिचाऱ्याला कळलं नाही.
त्याला भाकरी दिली. त्याचा काय दोष.

६ मे
उद्या सकाळी सोनीबाई येणार.
आईने माझ्यासाठी पिवळी साडी घेऊन ठेवली होती, हळदीची. आज पेटीतून काढली. घड्यांवर विरली आहे, पण नेसता येईल. आरशासमोर खांद्यावर टाकून बघितली. एवढी वर्षं वाट बघितली या हळदीची, खोटं कशाला बोलू?
गाल पुढे केला की घर गेलं. नाही केला तर भावकी तोंड बघणार नाही, आणि घर तरीही जाईलच, आज नाही तर मी गेल्यावर.
मधल्या खांबाला पाठ लावून बसले होते मघाशी. पदराला पिवळं लागलं.
दाराला आतून कडी घातली आहे. साडीला इस्त्री पण करून ठेवली आहे.