खड्डा क्रमांक नऊ

१० जून, मंगळवार

ऑफिस उघडलं. झाडून घेतलं. दादाला जाऊन आज एक महिना झाला. काम बंद ठेवणं बरं नाही, म्हणून दवाखान्याच्या इमारतीची जमिनीवर आखणी करायचं काम घेतलं. सोमवारी खोदाई. मोजणी यंत्राचा कंट्रोलर दादा चालवायचा, यंत्र ज्यावर रोखतात ती प्रिझमची काठी मी पंधरा वर्षं धरली. इतकी वर्षं बघतोय, त्यात अवघड काही नाही.

कंट्रोलर सुरू केला की स्क्रीनवर दादाचं नाव येतं. ते प्रोफाइल सगळ्या सेटिंगसकट डिलीट केलं, नवं केलं. जुन्यात जपून ठेवण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी ४. आर्किटेक्टचं कॅड ड्रॉइंग इम्पोर्ट केलं. पहिला कॉलम इथून एक्केचाळीस किलोमीटरवर आहे म्हणे. कंट्रोलर जुना झालाय.

११ जून, बुधवार

ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये होतं, कंट्रोलर मीटर समजत होता. मला ते कालच कळलं होतं, फक्त खात्री करत होतो.

दुरुस्त केलं तर फाइल उघडताना कंट्रोलर बंद पडतो. आर्किटेक्टने आत पलंग, खुर्च्या, झाडं, एक उभी मोटारसुद्धा काढली आहे. म्हणून कॉलमचे आणि जागेवर मोजणीसाठी ठोकलेल्या खुणेच्या खिळ्यांचे पॉइंट तेवढे निवडून आकड्यांची साधी यादी केली. कंट्रोलरमध्ये झटक्यात गेली. ही युक्ती दादाला सांगायला हवी.

खोडत नाही. राहू दे.

प्लॉटच्या उजव्या कडेने जमिनीखालून हाय टेन्शन केबल जाते. ड्रॉइंगमध्ये ती बाजू मोकळी सोडली आहे. मला केबलची भीती नाही. चारदा पाहून घेतलं, एवढंच.

१३ जून, शुक्रवार

आखणी पूर्ण. काठी धरायला वहिनी आल्या. घरात दादाची खुर्ची समोर दिसते, त्यापेक्षा ऊन बरं म्हणाल्या.

प्लॉटच्या मधोमध पुढे एक आणि मागे एक खिळा आहे. एकावर ट्रायपॉड उभा करून मोजणी यंत्र लावलं, दुसऱ्यावर रोखलं. फरक दोन मिलिमीटर. तिसरा खिळा कुंपणापाशी खडीच्या ढिगाखाली गेलाय. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे दादा तिसरा तपासल्याशिवाय चुन्याला हात लावू देत नसत." मी समजावलं की दोन जुळले की तिसरा जुळतोच.

कॉलमच्या एकेका खड्ड्याच्या जागी चुना टाकला. सगळे कर्ण टेपने मोजले. तंतोतंत. जिन्याचे कॉलम या बाजूला कसे, असं वहिनींनी विचारलं. जागेवर सगळं उलटंच वाटतं, असं मी सांगितलं. त्यांनी कागदावरचा नकाशा मागून घेतला आणि घडी करून पिशवीत टाकला.

शेवटचा कर्ण वहीत दोनदा लिहिला. चहा राहिला होता.

१५ जून, रविवार

सकाळी साइटवर गेलो, मोकळ्या हवेसाठी. फावडं गाडीत होतंच. खडी उपसून तिसरा खिळा मोकळा केला, मोजला. कंट्रोलर म्हणतो, हा खिळा इथे नाही, समोरच्या कुंपणापाशी आहे. तेवीस मीटर पलीकडे. कोणीतरी हलवला असणार. काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला आहे. तरी लोकांचा नेम नसतो.

दुपारी. जेवण गेलं नाही. खोदाई यंत्राच्या ड्रायव्हरला फोन केला, उद्या आठऐवजी नऊला सुरू करा म्हटलं. कारण दिलं नाही. त्याला बरंच वाटलं. मुलीला शाळेत सोडून येतो म्हणाला.

उजव्या कडेला नववा खड्डा कुठे येतो, ते पाहिलं नाही. गरज नव्हती.

१६ जून, सोमवार

पावणेनऊला पोचलो. खोदाई यंत्र बंद. नवव्या खड्ड्याच्या चुन्यावर वहिनी उभ्या, सात वाजल्यापासून. ड्रायव्हरने तक्रार केली की बाई हलत नाहीत, इथे काय सोनं पुरलंय का. केबल, एवढंच वहिनी त्याला म्हणाल्या. त्यानंतर तो यंत्राजवळ गेला नाही.

वहिनींनी नकाशा माझ्यापुढे धरला. "भाऊजी, आरशात बघून आखलंत का?"

खिळा हलवलाय, असं सांगणार होतो. तोंडातून दादाचं प्रोफाइल काढल्याचं निघालं. वहिनींनी कंट्रोलर घेतला, सेटिंग उघडलं. माझ्या यादीत प्रत्येक पॉइंटचा आधी पूर्वेकडच्या अंतराचा आकडा होता, नवं प्रोफाइल आधी उत्तरेचा धरत होतं. आकड्यांची अदलाबदल झाली की इमारत डावीची उजवीकडे उलटते, मापं मात्र सगळी जुळतात. दादाच्या प्रोफाइलमध्ये हे नीट केलेलं होतं. वीस वर्षं जेवताना हेच ऐकलंय, म्हणाल्या. ते प्रोफाइल का काढलं, हे विचारलं नाही.

जुना चुना मातीत मिसळला. पुन्हा आखणी केली, तिन्ही खिळे तपासून. कंट्रोलर वहिनींकडे, काठी माझ्याकडे. त्या "अजून डावीकडे" म्हणाल्या की मी डावीकडे सरकलो. नववा खड्डा आता केबलपासून वीस मीटर लांब. दुपारी ड्रायव्हरने तो खोदला. खालून माती निघाली. नुसती माती. मी खोदाई संपेपर्यंत बघत उभा राहिलो.

संध्याकाळी ६. ऑफिसात एकटाच. मी घाबरलेलो होतो. शुक्रवारपासून नाही, महिनाभर.

ट्रायपॉडचे पाय नळाखाली धरून चिखल धुतला. फडक्याने एकेक पाय पुसून कोरडा केला.