भेग असलेली चुनखडी

सर, काल तुमच्या घरी गेले होते. मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत आता इतकी रेटारेटी असते की तुमचं दार येईपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. दार काकूंनीच उघडलं. तुम्ही गेल्यापासून त्या थोडं थोडं विसरत चालल्या आहेत, पण मला ओळखलं, आत बोलावलं आणि सवयीने चहा ठेवला.

त्याच स्वयंपाकघरात तुम्ही मला आपला विषय पहिल्यांदा समजावला होता. प्रयोगशाळेत तुम्ही हिंदी बोलायचात, घरी मात्र मराठी, आणि माझ्या बनारसी मराठीतलं हिंदी हळूच दुरुस्त करायचात. काकू तुपाची कढई घासायला घेत होत्या. ती तुम्ही नळाखाली धरलीत. पाणी तुपावरून नुसतं ओघळून गेलं. जमिनीखाली ज्या चुनखडीत खनिज तेल असतं ती अशीच असते, म्हणालात. तेल तिच्या बारीक छिद्रांना चिकटून बसतं, पाण्याने कितीही ढकला, बरंचसं आतच राहतं. मग दाबाखाली कार्बन डायऑक्साइड सोडायचा; तो तेलात मुरतो, तेल फुगतं, पातळ होतं, हलायला लागतं. पण दगडात भेग असली की वायू भेगेतूनच पळ काढतो. म्हणून सोबत सर्फॅक्टंट द्यायचं, साबणाच्या जातीचं रसायन. त्याचा फेस भेग अडवतो आणि वायूला छिद्रांत शिरावंच लागतं. काकू म्हणाल्या, "कढई द्या आता." तुम्ही मुकाट्याने दिलीत.

तेल कंपनीची माणसं आपला प्रयोग बघायला आली तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. पोलादी नळीत दगडाचा तुकडा बसवलेला, आपण सगळे तेल बाहेर पडतं तिथल्या काचेकडे डोळे लावून उभे. तेल येत नाही, नुसता वायू बुडबुडतो. आपलं रसायन दगडालाच चिकटून संपलेलं, फेस धरलाच नाही. पाहुणे सभ्यपणे चहा घेतात, आणखी एकदा बघू म्हणतात आणि जातात. त्या दुसऱ्या वेळेसाठी मी कपाटातून एक अखंड, बिनभेगेचा तुकडा काढून आणला. त्यातून तेल नक्की आलं असतं. तुम्ही आवाज चढवला नाहीत.

"जमिनीखालचा दगड आपल्याला निवडून मिळणार आहे का?" एवढंच विचारलंत, आणि तुकडा माझ्या हातातून घेऊन परत ठेवलात. पुन्हा भेगेचाच दगड लावला. थोडं तेल आलं. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. प्रकल्प बंद झाला. त्यानंतर निवृत्तीपर्यंत तुम्ही वर्गावर जात राहिलात, प्रयोगशाळेत कधीच आला नाहीत.

अमृतराव घाटावर तुमचे विधी चालले होते तेव्हा गुरुजींनी विचारलं, यांची काही इच्छा राहिली होती का. घरचे एकमेकांकडे बघू लागले. मी मागे उभी होते. विद्यार्थिनीला कोण विचारतं. मला मात्र माहीत होतं.

पुढे त्याच प्रयोगशाळेत मी शिकवायला लागले. कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड जमिनीत पुरायच्या गोष्टी सुरू झाल्या, तशी लोकांना आपल्या कामाची आठवण झाली. दगडावर जो विद्युतभार, तोच रसायनावर असला की ते दगडाला फारसं चिकटत नाही. तसं रसायन जुळवण्यात वर्षं गेली. यंदा एका म्हाताऱ्या तेलविहिरीत ते सोडलं. कितीतरी दिवस काहीच नाही. मग तिथल्या इंजिनिअरचा फोन आला, "मैडम, गैस रुक गई है, तेल आ रहा है." मी फोन ठेवला.

काल काकूंना हे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, कप विसळून पालथे घातले आणि म्हणाल्या, "अगं, मग ह्यांना कधी सांगणार? संध्याकाळी येतील ना घरी."

मी म्हटलं, "सांगते, काकू."

म्हणून लिहायला बसले. हे कुठे पाठवता येणार नाही, आणि काकूंना वाचून दाखवायचा धीर मला नाही. विभागात पेढे वाटले, सगळे भरभरून बोलले. या विषयाचीच मला ओढ आहे, असं मी इतकी वर्षं सांगत आले. तो फोन ठेवल्यावर कळलं, मला फक्त तुमच्या तोंडून "बरं झालं" ऐकायचं होतं.