हिंदुरावांच्या जबड्याचं माप

२ मार्च
आजपासून चिडायचं नाही. ऋतुजा म्हणते (बायको, त्यात डेंटिस्ट, त्यात शेजारच्याच खुर्चीवर), मी दातांचं माप घाईत काढतो, म्हणून ब्रिज, म्हणजे गेलेल्या दातांच्या जागचे पक्के दात, बसत नाहीत. स्कॅनर घेऊ म्हणते. मशीनने माप! मग माझा पंधरा वर्षांचा हात काय झक मारतो? पैज लावली. उद्याचे पेशंट हिंदुराव, त्यांचा ब्रिज नीट बसला तर स्कॅनरचं नाव काढायचं नाही. नाही बसला तर क्राऊन-ब्रिज सगळे तिच्याकडे, मी नुसते दात उपटायचे.

३ मार्च
हिंदुराव अकलूजचे, माजी पैलवान. पुढचे दात गेलेत, पोरीच्या साखरपुड्यात हसायचंय. ट्रेमध्ये मापाची पुट्टी भरून तोंडात दाबला. चार मिनिटं धरायचा असतो. दोनातच कंटाळा आला, खसकन ओढला. हिंदुराव खुर्चीतून अर्धे वर आले. म्हणाले, डॉक्टर, तुमी माप घेताय का जबडा नेताय?
माप मात्र सुरेख. कडेला जरा ताणलंय.

८ मार्च
ब्रिज बनवणाऱ्या लॅबचा मालक मल्लिनाथ, माझा वर्गमित्र. फोनवर म्हणतो, श्रीशैल, माप ओढल्यावानी हाय की, परत घे. मला शिकवतो! फोन आपटला. काच फुटली. चिडलो नाही, फोन जुनाच होता. आहे तसा बनव म्हणून ऋतुजाच्या फोनवरून कळवलं.

१४ मार्च, दुपारी
ब्रिज बसेना. लॅबची चूक. घासला. बसेना. त्यांच्या छातीवर कोपर रोवून दाबला. हिंदुरावांनी माझं बोट चावलं, रक्त काढलं. पण बसला! थोडा हलतो. बिनधास्त कडक भाकरी खा म्हटलं.

१५ मार्च
पहिल्याच घासाला ब्रिज भाकरीत. हिंदुरावांनी कॉलर धरून मला भिंतीला टेकवलं. पोरगी रडतीय म्हणाले. ऋतुजाने सोडवलं. ते बाहेर जाऊन बसल्यावर मी स्टीलचा ट्रे भिंतीवर भिरकावला. भिंतीने परत केला. माझा पुढचा दात अर्धा.

१६ मार्च
ऋतुजाने आधी हिंदुरावांचं माप घेतलं, मग माझं. साखरपुड्याआधी त्यांचा ब्रिज देते म्हणाली. ट्रे तोंडात, घशात उमासे. दोन मिनिटांत ओढायला हात गेला. हिंदुरावांनी मनगट आवळलं. म्हणाले, हलू नका डॉक्टर, माप ताणंल.
स्कॅनर सोमवारी येतोय. चार मिनिटं फार मोठी असतात. पंधरा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही.